कोपराखाली चार बोटं

मी टेबल बोलतोय. खरं तर 'बोलतंय' म्हणायला हवं, कारण टेबल नपुंसकलिंगी, आणि ज्या घरात मी उभा आहे तिथे शुद्धलेखनावरच चूल पेटते. पण व्याकरण सांभाळत बसायला मला आता सवड नाही. माझ्यापाशी बसून एका बाईचा उजवा हात निकामी होत चाललाय. रोज डोळ्यांदेखत चाललाय. आजवर मुकाट बघितलं, आता बघवत नाही, म्हणून तोंड उघडलंय.

माझी उंची चौतीस इंच आहे. कॉम्प्युटरपुढे बसून काम करायचं टेबल अठ्ठावीस इंचांचं पुरे होतं. माझी मालकीण कुसुम जेमतेम चार फूट अकरा इंच, म्हणजे तिला मी निदान सहा इंच जास्त आहे. सहा इंचांनी असं काय होतंय, असं कुणाला वाटेल. त्यानं एकदा खांदे कानांपर्यंत उचलून रोज नऊ तास बसून दाखवावं.

मला घडवलं कुसुमच्या वडिलांनी. मच्छिंद्र सुतार, वारज्याच्या गावठाणातले. कुसुम त्यांना आण्णा म्हणते, म्हणून मीही आण्णाच म्हणतो. वारज्याची शेतं एकेक करून इमारतींखाली गेली तेव्हा गावातले कित्येक धंदे बसले, आण्णांचा उठला. इमारत आली की बिऱ्हाडं आली, बिऱ्हाड आलं की स्वयंपाकघर आलं, आणि स्वयंपाकघर म्हटलं की मच्छिंद्र सुतार. चाळीस वर्षं त्यांनी ओट्याखालची कपाटं, मांडण्या आणि फळ्या यांशिवाय दुसरं काही केलं नाही.

त्यांच्या मापाचा लौकिक होता. ओटा किती उंच घ्यायचा हे गवंडीसुद्धा त्यांना विचारून ठरवायचा. आण्णा टेप काढत नसत. घरच्या बाईला म्हणायचे, "ताठ हुब्या ऱ्हावा. कोपर वाकवा." मग तिच्या कोपराखाली हवेत स्वतःची चार बोटं आडवी धरायचे आणि करंगळी येईल तिथे भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायचे. कोपराखाली चार बोटं. त्या उंचीच्या ओट्यावर बाईनं पन्नास पोळ्या लाटल्या तरी पाठ धरत नसे. "सासूच्या मापाच्या वट्यावर सून राबली की घरात भांडनं व्हत्यात," असं ते सांगायचे, "त्यात सुनंची बी चूक न्हाई आन् सासूची बी न्हाई."

कामावरचा उरलेला लाकडाचा हातभर तुकडाही त्यांनी कधी टाकला नाही. तो घरी आणायचा, पुसायचा आणि माळ्यावर ठेवायचा. मी त्या तुकड्यांचाच झालोय. माझा पुढचा डावा पाय एका दाताच्या दवाखान्यातला, मागचे दोन कर्वेनगरातल्या एका बंगल्यातले, आणि वरची फळी तीन वेगवेगळ्या घरांच्या सागवानाची आहे. सांधे असे बसवलेत की हात फिरवून कळणार नाहीत. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. कारागिरीत त्या माणसानं कसर ठेवली नव्हती, एवढंच तुम्हाला कळावं.

पुढे आण्णांना दम लागायला लागला. चाळीस वर्षांचा भुसा छातीत बसला होता. डॉक्टरांनी लाकडाला हात लावायला मनाई केली, हत्यारं गोणीत गेली आणि आण्णा दारापुढच्या खुर्चीत गेले. सहा वर्षं ते तिथे बसून होते. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "गंजायला पयलं कोन लागलं वाटतं, पटाशी का मी?" लोक हसायचे आणि पुढे जायचे.

आता कुसुम. आण्णांची ही एकुलती एक मुलगी बारावी झाली, मराठी टायपिंग शिकली आणि सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशकाकडे पुस्तकं टाइप करायला लागली. तेवीस वर्षं तिथेच. प्रकाशकांचं नाव गोपाळकृष्ण. मुद्रितं ते स्वतः तपासतात आणि चूक दाखवताना असं एकच वाक्य बोलतात की माणूस ती चूक जन्मात पुन्हा करत नाही. त्यांच्या तोंडून नुसतं "ठीक" निघालं तरी कुसुम बसनं घरी येताना मोगऱ्याचा गजरा घ्यायची.

साथीच्या वर्षी सगळं बंद झालं. गोपाळकृष्णांनी ऑफिसची जागा सोडली आणि कॉम्प्युटर रिक्षात घालून कुसुमच्या घरी पाठवला. मागोमाग फोन केला, "कुसुमताई, जागा बंद झाली आहे, मराठी भाषा नाही. तेव्हा काम चालू ठेवावं."

घर दोन खोल्यांचं. नवरा संभाजी, बसडेपोत मेकॅनिक. कॉम्प्युटर आधी टीपॉयवर ठेवला, तर कुसुमचे गुडघे छातीशी आले. मग इस्त्रीच्या फळीवर ठेवला, तर फळी डुलायला लागली. शेवटी टेबल घ्यायचं ठरलं. फ्रिज आणि खिडकी यांच्यामध्ये तीन फूट दोन इंच जागा होती. तेवढा वर्तमानपत्राचा कागद कापून तिनं जमिनीवर पसरला आणि दोन दिवस त्याला वळसा घालून घरात वावरली. फ्रिजचं दार पूर्ण उघडतंय का, पोतेरं कुठवर पोचतंय, सगळं बघितलं. इतकी नीट बाई.

दुकानं उघडल्यावर संभाजीबरोबर ती चार ठिकाणी फिरली. एका टेबलाचा खण मांडीला लागत होता. दुसऱ्याला हात लावला की ते हलायचं. तिसऱ्यावर काच होती, आणि संभाजी म्हणाला, "ह्याच्यावर भाजीचा डबा ठेवायची चोरी." चौथं छान होतं, पण ते घेतलं तर फ्रिज जिन्यात ठेवावा लागला असता. प्रत्येक ठिकाणी ती खुर्ची ओढून बसायची, कोपर वाकवायची आणि वहीत आकडा लिहायची. वहीत शेवटी तिनं अठ्ठावीस लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. भुसा दाबून केलेलं एक साधं टेबल तिनं पसंतही केलं होतं.

हे आण्णांच्या कानावर गेलं आणि ते दहा मिनिटांची वाट अर्ध्या तासात चालत, थांबत थांबत आले.

"सुताराच्या पोरीनं भुश्शाचं टेबल आनायचं?"

"आण्णा, तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"डाक्टर माझं ऐकतो का? मंग मी त्याचं का ऐकू?"

तिनं वही पुढे केली. आण्णांनी ती बघितलीही नाही. म्हणाले, "वहीतलं माप वहीला. मान्साचं माप मान्साच्या अंगावर घ्याचं. ऊठ, ताठ हुबी ऱ्हा. कोपर वाकव."

कुसुम उभी राहिली. आण्णांनी तिच्या कोपराखाली चार बोटं धरली आणि फ्रिजशेजारच्या भिंतीवर रेघ मारली. सहा वर्षांनी त्यांनी कुणाचं तरी माप घेतलं होतं. कुसुम भिंतीवरच्या रेघेकडे बघत नव्हती, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. हे ओट्याचं माप आहे, हे तिला तेव्हाच कळलं असणार. पण तिला वाटलं, आण्णा एवढे जाणते, घरी जाऊन काय ती वजाबाकी करतील. वजाबाकी कसली करतायत? आयुष्यभर त्यांनी बायकांना उभंच बघितलं होतं. बसून काम करणारी बाई त्यांच्या मापात कधी आलीच नव्हती.

एकोणीस दिवस त्यांनी मला घडवलं. दोन फेरे रंधा मारायचे आणि खुर्चीत बसून श्वास गोळा करायचे. गावठाणातली माणसं म्हणायला लागली की मच्छिंद्रतात्याच्या तोंडावर तेज आलंय. मी तेव्हा अर्धामुर्धा होतो, तरी मला ते दिसत होतं. माझ्यावर हात फिरवताना ते स्वतःशीच बोलायचे, "एक सूत इकडं न्हाई, एक सूत तिकडं न्हाई." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतापर्यंत बरोबर, आणि सहा इंच चूक.

टेम्पोतून मला आणलं तेव्हा फ्रिज आणि खिडकीच्या मध्ये मी असा सरकलो की संभाजीनं टाळी वाजवली. कुसुम खुर्ची ओढून बसली, आणि माझी कड तिच्या छातीशी आली. संभाजी तोंड उघडणार होता, तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"कसं काय?" आण्णांनी विचारलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"अगदी मापात, आण्णा," कुसुम म्हणाली.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पण मी तिला बोल लावणार नाही. त्या चौकटीला धरलेला तो म्हातारा मीही बघत होतो. मला तेव्हा तोंड फुटलं असतं तरी मीही "मापात" असंच म्हणालो असतो.

मग सुरू झाले उपाय. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, तर पाय लोंबकळायला लागले आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्या सुजल्या. पायाखाली काहीतरी हवं होतं. घरात गोपाळकृष्णांनी ठेवायला दिलेले न खपलेल्या पुस्तकांचे पाच गठ्ठे होते, उंचीला तंतोतंत. संभाजीनं त्यातले दोन माझ्याखाली सरकवले. कुसुमनं लगेच ते बाहेर ओढले आणि वाकून त्यांना हात लावून कपाळाला लावला. "पुस्तकावर पाय ठेवू का मी, अहो? तेही मीच टाइप केलेल्या?" त्याऐवजी मग पाट आला. पाट गुळगुळीत फरशीवर पुढे पुढे सरकायचा. दिवसभर ती पायानं पाट ओढायची आणि कोपरं माझ्या कडेवर टेकवून टाइप करायची. माझी कड आण्णांनी गोल केली होती, पण गोल झाली तरी लाकूडच ते. तिच्या कोपराची आतली बाजू तासन् तास माझ्यावर दाबलेली असायची. मला तिथे तिची नस लागायची. मी आक्रसून घ्यायचा फार प्रयत्न केला. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पण माझं आकसणं म्हणजे केसाएवढं.

दर गुरुवारी आण्णा यायचे. त्यांची चाहूल लागली की कुसुम उठून माझ्याशेजारी उभी राहायची, उभ्यानंच टाइप केल्यासारखं करायची. उभ्या बाईला मी मापातच होतो. आण्णा चहा पीत बघत राहायचे आणि संभाजीला सांगायचे, "बगा पावनं, खांदा कसा सैल हाय." गुरुवारचा तो अर्धा तास तिचा खांदा खरोखरच सैल असायचा.

वर्षभरानं तिच्या उजव्या हाताची करंगळी बधिर व्हायला लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. तिच्या कळफलकावर 'च' आणि 'ट' ही अक्षरं करंगळीच्या वाट्याला येतात. तिला वाटायचं बोट पडलं, आणि ते पडलेलंच नसायचं. त्या वेळी ती मंदाकिनीबाई नावाच्या कुणा लेखिकेचं दिवाळीच्या फराळाचं पुस्तक टाइप करत होती. गोपाळकृष्णांचा फोन आला.

"कुसुमताई, आपण टाइप केलेल्या चकलीतला 'च' गेला आहे. बेचाळीस पानं. आता दिवाळीत घरोघरी कली शिरायचा आहे, असं आपल्या मनात आहे का?"

"चुकलं, सर. परत बघते."

"बघाच. चिवड्यालाही तीच बाधा झाली आहे."

तिनं फोन ठेवला आणि माझ्यावर डोकं टेकून रडली. तेवीस वर्षांत तिच्या अक्षराबद्दल असं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. मी खाली होतो आणि काही करू शकत नव्हतो. तिच्या रडण्याचं कारण मीच, आणि डोकं टेकायलाही मीच. याहून वाईट दशा टेबलाची काय असेल?

डॉक्टरीणबाईंनी हात उलटा-सुलटा करून बघितला आणि कॉम्प्युटरपाशी कशी बसतेस ते करून दाखवायला सांगितलं. कुसुमनं दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोपरातली नस टेबलाच्या कडेवर दबतेय. टेबल खाली आणा. आत्ता आणलंत तर हात सुधारेल. उशीर केलात तर ऑपरेशन, आणि मग बोटात पहिल्यासारखी ताकद येईल असं मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर संभाजी म्हणाला, "अगं, दहा मिनिटांचं काम आहे. डेपोतनं करवत आणतो, चारी पाय खालून सहा-सहा इंच उडवतो."

"आणि गुरुवारी आण्णा आले की?"

"सांगू खरं काय ते."

"त्यांनी जन्मात एक माप चुकवलं नाही, अहो. सहा वर्षांनी एक वस्तू केली. ती चुकली म्हणून सांगू? ते आहेत तोवर नाही."

संभाजी भला माणूस, त्यानं विषय सोडला. मी सोडला नव्हता. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात ओरडत होतो की काप मला, काप. झाड असताना मला करवतीची भीती वाटली असेल, पण आता मी तिची वाट बघायचो. संभाजीची पिशवी दारात खणखणली की वाटायचं, आणली. निघायचे पाने आणि स्क्रू.

मग तो गुरुवार आला. आण्णा येऊन बसले होते, कुसुम माझ्यापाशी उभी होती, आणि बेल वाजली. दारात गोपाळकृष्ण. मुद्रितांची थैली घेऊन ते पहिल्यांदाच घरी आले होते. आत आले, चष्मा सारखा केला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "कुसुमताई, हे टेबल आहे की ओटा? काम अप्रतिम आहे, त्यात शंका नाही. पण यावर पुस्तकं टाइप करण्यापेक्षा पोळ्या लाटाव्यात."

त्यांना ठाऊक नव्हतं. खुर्चीतला म्हातारा कोण, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग आण्णाच म्हणाले, "वट्याचंच माप हाय ते. म्या दुसरं माप कदी घेतलंच न्हाई." आणि कुसुमकडे वळून म्हणाले, "बस."

"आण्णा, राहू द्या ना."

"बस म्हंतो न्हवं."

ती बसली. उशांवर चढून, पाट पायानं ओढून, खांदे उचलून. आण्णा उठून तिच्यामागे आले आणि त्यांनी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. मग तिचा उजवा हात उचलून करंगळी चिमटीत धरली. ज्या चिमटीनं ते बोथट खिळा उपसायचे, ती चिमूट.

"दुखतंय?"

"नाही."

त्यांनी आणखी जोर लावला. "आता?"

"नाही, आण्णा."

आधी त्यांना बरं वाटलं असावं. मग ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्यांना समजलं की तिला बोट कळतच नाहीये. त्यांनी हात सोडला. "किती दिस झालं हे?"

"दीड वर्ष."

गोपाळकृष्ण थैली छातीशी धरून उभे होते. आण्णांनी चपला घातल्या आणि चहा न पिता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते आले. खांद्यावर गोणी होती. कुसुम म्हणाली, संभाजी आल्यावर बघू. आण्णांनी तिचं ऐकलं नाही. फरशीवर बसले, तिला खुर्चीत बसवलं, आणि या खेपेला टेप काढला. बसलेल्या कुसुमचं कोपर मोजलं, दोनदा मोजलं. मग काटकोनाचा गुण्या लावून माझ्या चारी पायांवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि प्रत्येक रेघेजवळ एक बारीक फुली केली. त्या फुलीचा अर्थ सुतार लोकांत 'इथून खालचं टाकायचं' असा. मला आडवं केलं, आणि पुढच्या डाव्या पायाला करवत लावली.

मला दुखलं का, म्हणाल तर दुखलं. पण इतकं सुख मला घडताना झालं नव्हतं. अर्धा पाय कापून झाला आणि त्यांना दम लागला. ते थांबले. पुन्हा दहा हात मारले, पुन्हा थांबले. कुसुम पाणी घेऊन उभी होती आणि "आण्णा, पुरे, आण्णा, पुरे" म्हणत होती. एक पाय कापायला त्यांना तास लागला. तुकडा फरशीवर पडला तेव्हा त्यांच्या ओठांवर निळी झाक आली होती. "बाकीचं उद्या," ते म्हणाले. मला उभं केलं आणि कुसुम तोवर काम कशावर करील म्हणून तोच कापलेला तुकडा परत माझ्या पायाखाली सरकवला. जाताना दारातून वळून म्हणाले, "आजच्या दिस सोस गं."

उद्या आण्णा आले नाहीत. त्यांना दवाखान्यात नेलं होतं. चौथ्या दिवशी ते गेले.

त्याला आता सात महिने होतील. मी तसाच उभा आहे. तीन पाय पूर्ण, चौथा तुकड्यावर टेकलेला. करवतीच्या पात्यानं एक सूत खाल्लं, म्हणून मी डुगडुगतो. कुसुमनं त्या फटीत मुद्रिताचा कागद घडी करून बसवलाय, तरी अक्षर दाबलं की मी हलतो. ती उशांवर बसते, पाट ओढते आणि तसाच खांदा उचलून टाइप करते. आता शेजारचं बोटही बधिर झालंय. सकाळी गाऊनचं बटण लावताना तिला तीनदा प्रयत्न करावा लागतो. चहाचा कप ती डाव्या हातानं धरते. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची चिठ्ठी लिहून दिलीय, ती फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

परवा गोपाळकृष्णांनी मुद्रितं परत पाठवली. पानापानावर त्यांच्या लाल शाईनं सुटलेले 'च' आणि 'ट' भरलेले होते, आणि समासात एक शब्द नव्हता. टोमणा नाही, प्रश्नचिन्ह नाही. ती पानं उलटत गेली आणि घाबरली. ज्या माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही तो बोलत नाही, म्हणजे आपला हात संपला असं त्यानं मनाशी धरलंय, हे तिला कळलं.

संभाजीनं एकदा सुतार बोलावला होता. तो दारात येऊन उभा राहिला, हत्यारं काढली, आणि कुसुमनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाली, "ह्याला आण्णांचा हात लागलाय. दुसऱ्याची करवत नाही लावायची." खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तिनं माझी केली. माझ्या चारी पायांना हळदकुंकू लावलं, कापलेल्या तुकड्यालासुद्धा लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं. बधिर बोटांनी फूल दोनदा खाली पडलं.

कुसुम, माझी पूजा करू नकोस. मी देव नाही. मी एक अर्धवट राहिलेलं काम आहे. तुला वाटतं की मला कापणं म्हणजे आण्णांची आठवण कापणं. पण मला कापायला तेच आले होते, बाई. ओठ निळे होईपर्यंत त्यांनी करवत ओढली, ती मला जपून ठेवण्यासाठी नाही. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या घरचं काम अर्धं टाकलं नव्हतं. ते एकच अर्धं राहिलं, तेही लेकीचं. तुला त्यांचा हात सांभाळायचा असेल तर तो माझ्या पायांत नाही. तो त्यांनी शेवटच्या दिवशी मारलेल्या रेघांत आहे.

आणि त्या रेघा जमिनीपासून सहा इंचांवर आहेत. रोज सकाळी तू फरशी पुसतेस आणि ओलं फडकं माझ्या पायांवरून फिरवतेस. मागच्या दोन पायांवरची पेन्सिल बरीच पुसट झालीय, फुल्या तर गेल्याच. पुढच्या उजव्या पायावरची रेघ अजून वाचता येते. उद्याही येईल. महिनाभरानं येईल की नाही, मी सांगू शकत नाही. संभाजी आज घरी आहे. त्याला हाक मार, आणि रेघ दिसतेय तोवर आण्णांचं काम पुरं करून घे.